उडत्या वटवाघळाचा फोटो: गोव्यात सुरुवात कुठून करायची

वटवाघळाचा फोटो काढायचं मनात आलं की बहुतेक जण आधी ती दिवसा लटकतात ते झाड शोधत निघतात. नवशिक्याला माझा पहिला सल्ला हाच की त्या झाडाकडे जाऊच नका. ती त्यांची झोपायची जागा आहे. मोठ्या वटवाघळांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात आणि सुरुवातीचे काही आठवडे आईच्या अंगाला चिकटलेली असतात. खाली माणसं जमली, कोणी टाळी वाजवली, कोणी फटाका लावला की सगळा थवा भर उन्हात उठतो. पिल्लू पडू शकतं, उष्णतेने थकलेली मोठी जनावरंही पडू शकतात. फोटोही चांगला येत नाही: वर पांढरं आभाळ, मध्ये फांद्यांचं जाळं, आणि काळे ठिपके.

उडत्या वटवाघळाचा फोटो तीन ठिकाणी मिळतो. पाण्यावर, फुला-फळावर, आणि या दोन्हींकडे जाण्याच्या वाटेवर. तिथे ते रोज स्वतःहून येतं. आपण फक्त त्याच्या आधी पोचून थांबायचं. या कामात महागड्या लेन्सपेक्षा त्या जनावराचं वेळापत्रक जास्त उपयोगी पडतं, आणि ते शिकायला पैसे लागत नाहीत. पुढचं सगळं मी सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने लिहिलं आहे.

कोण उडतंय ते आधी पाहा

गोव्यात नवशिक्याच्या कामाची वटवाघळं ढोबळमानाने तीन प्रकारची. पहिलं मोठं वटवाघूळ. पंखांचा विस्तार १.२ ते १.५ मीटर. हे डोळ्यांनी पाहून आणि वासाने वाट काढतं, आवाजाचे प्रतिध्वनी वापरत नाही. उडणं संथ, सरळ रेषेत, उंचावरून. दुसरं आखूड नाकाचं लहान फलाहारी वटवाघूळ, विस्तार हाताच्या लांबीपेक्षा थोडा कमी. भेरली माडाच्या किंवा पोफळीच्या पानाखाली, अशोकाच्या दाट फांद्यांत लहान गटाने राहतं. परसातल्या पेरू-चिकूच्या झाडाखाली सकाळी अर्धवट खाल्लेली फळं दिसतात, ती बहुतेक याचीच. तिसरी किडे खाणारी लहान वटवाघळं. ती वाशांत, भिंतींच्या भेगांत, जुन्या इमारतींत राहतात, प्रतिध्वनीवर उडतात आणि हवेत क्षणाक्षणाला दिशा बदलतात. यांचा फोटो सगळ्यात अवघड, तो शेवटी.

अंधाऱ्या गुहा, भुयारं आणि किल्ल्यांच्या बंद खोल्यांत राहणाऱ्या जातीही आहेत. हरवळे, लामगाव, खांडेपार, रिवण इथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. अशा कुठल्याही बंदिस्त जागी वटवाघळं लटकलेली दिसली तर आत फ्लॅश उडवू नका. तिथून त्यांना पळायला एकच तोंड असतं आणि त्या तोंडात आपण उभे असतो. गोव्याच्या सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात बारापेडे नावाची गुहा आहे. १९१३ साली शास्त्रीय वर्णन झालेलं एक दुर्मीळ, मोठ्या कानांचं वटवाघूळ तिथे राहतं. कित्येक दशकं साऱ्या जगात ते फक्त त्याच गुहेतून माहीत होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं, पण गुहेचं मोल कमी झालेलं नाही. फोटोसाठी तिकडे जायचा विचारही नको.

पहिल्या काही संध्याकाळी कॅमेरा घरी ठेवा

वही, पेन, घड्याळ आणि छोटी विजेरी घ्या. गोव्यात सूर्यास्त नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या थोडा पुढे होतो, जून-जुलैत सात वाजून गेल्यावर. त्यामुळे घड्याळाची वेळ लिहून उपयोग नाही. सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी पहिलं वटवाघूळ दिसलं ते लिहा. किडे खाणारी लहान वटवाघळं संधिप्रकाशातच फिरू लागतात. मोठी वटवाघळं साधारण वीस मिनिटं ते अर्ध्या तासानंतर निघतात. तुमच्या गावातला आकडा थोडा वेगळा निघेल, म्हणून तो स्वतः मोजायचा.

वेळेबरोबर दिशा आणि उंचीही लिहा. वटवाघळं ठरावीक वाटांनी जातात: नदीच्या काठाने, माडांच्या रांगेवरून, दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून. दोन-तीन संध्याकाळी एकाच जागी उभं राहिलं की वाट कळते.

बसायच्या जागा गोव्यात भरपूर आहेत. मोकळं आभाळ हवं तर खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीचा, बांध. तिथून पश्चिमेचं क्षितिज अडथळ्याविना दिसतं आणि खाली पाण्यात उजेड पडतो. पाणी हवं तर देवळाची तळी किंवा गोड्या पाण्याचं तळं. फुलं हवी तर जानेवारी ते मार्च सावरीचं झाड, आणि वर्षभर कुळागरातली, म्हणजे पोफळी-माड-केळीच्या बागेतली, केळी. मार्चपासून पिकलेल्या काजूच्या बोंडूंवर फलाहारी वटवाघळं येतात. उंडीची फळंही त्यांना आवडतात. लहान वटवाघळांसाठी गावातला एकटा पथदीप पुरतो, कारण दिव्याभोवती किडे आणि किड्यांमागे ती.

खासगी कुळागरात जायचं तर मालकाला दिवसाउजेडी जाऊन विचारा आणि काय करणार ते दाखवा. “काका, तीन-चार संध्याकाळी या केळीजवळ कॅमेरा लावून बसलो तर चालेल?” असं सरळ विचारलं की नाही म्हणणारे फार थोडे. “बस रे, पण पाटाचं पाणी सोडतो त्या दिवशी येऊ नकोस, चिखल असतो,” अशी माहितीही मिळते, आणि तीच सगळ्यात कामाची. कुठल्या केळीला नवं केळफूल आलंय, कुठला चिकू पिकलाय, रात्री कुठून फडफड ऐकू येते, हे कुळागरात राबणाऱ्या माणसाला पाठ असतं.

पहिला टप्पा: आभाळावर मोठं वटवाघूळ

लागणारं सामान: कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि २०० ते ३०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स. फ्लॅश नको.

इथे पहिली अडचण उजेडाची. गोव्यासारख्या उष्ण कटिबंधात संधिप्रकाश झपाट्याने उतरतो. सूर्यास्तानंतर दर तीन-चार मिनिटांनी उजेड साधारण निम्मा होतो. ऑटो मोडवर कॅमेरा गोंधळतो, म्हणून मॅन्युअल मोड घ्या. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, लेन्सचं सगळ्यात मोठं: एफ/४ किंवा एफ/५.६ (आकडा लहान तितकं भोक मोठं). शटर आधी १/१००० सेकंदावर ठेवा. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, आभाळाकडे बघून ठरवा. एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, पाहा. आभाळ मधोमध किंवा थोडं उजवीकडे आलं की पुरे. अंधार वाढेल तसा आधी आयएसओ ३२००, मग ६४०० करा, आणि त्याहून पुढे नाइलाजाने शटर १/५००, १/२५० पर्यंत खाली आणा.

१/२५० ला पंखांची टोकं पुसट होतील. ते टाळता येत नसेल तर त्याचाच उपयोग करा. वटवाघळाबरोबर कॅमेरा सलग फिरवत राहा, बटण दाबल्यावरही हात थांबवू नका. शरीर स्पष्ट आणि पंख हलते असा फोटो मिळतो, आणि तो अनेकदा गोठवलेल्या फोटोपेक्षा खरा वाटतो.

सगळे संध्याकाळीच जातात, मी पहाटेचा पक्ष घेतो. संध्याकाळी वटवाघळं निघतात तेव्हा उजेड दर मिनिटाला कमी होत असतो. पहाटे ती परततात तेव्हा उजेड वाढत असतो. उशिरा परतणाऱ्या एकांड्या वटवाघळाला १/१००० चा शटर सहज मिळतो, आणि तांबूस छातीचा रंगही दिसतो. झाडापासून दूर, त्यांच्या वाटेवर थांबा. पूर्वेकडून येणारा उजेड पंखांतून आरपार जाताना बोटांची लांब हाडं एकेक मोजता येतात. वटवाघळाचा पंख म्हणजे पडदा ताणलेला हातच आहे, हे एका फोटोत कळतं.

फोकससाठी सलग फोकस मोड आणि मधल्या बिंदूंचा छोटा गट घ्या. कॅमेऱ्यात पक्षी ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करून पाहा. दूरवर दिसताच फोकस लावायला सुरुवात करा. डोक्यावर आल्यावर लावू गेलात तर फोकस आभाळात हरवतो.

दुसरा टप्पा: पाण्याला पोट लावणारं वटवाघूळ

मोठं वटवाघूळ पाणी पिताना सहसा काठावर बसत नाही. उडत येतं, पाण्याला छाती-पोट घासून पुढे जातं, आणि मग झाडावर बसून ओले केस चाटतं. कडक उन्हाळ्यात, मार्च ते मे, हे ऊन असतानाही घडतं. म्हणून याच टप्प्यावर १/२००० किंवा १/२५०० चा शटर मिळतो आणि पंखाची शीर न् शीर टिपता येते. मला स्वतःला वटवाघळाच्या छायाचित्रणातली ही सगळ्यात सुंदर वेळ वाटते.

काठावर असे बसा की सूर्य तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असेल. जमेल तेवढं खाली बसा, लेन्स पाण्याच्या पातळीजवळ आणा. उभं राहून काढलेल्या फोटोत मागे नुसतं पाणी येतं, बसून काढलेल्यात पलीकडचा काठ आणि वटवाघळाचा चेहरा येतो. एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ ८०० ते ३२००, सलग फोटोंचा वेगवान मोड.

वटवाघूळ पाण्यावर लगेच टेकत नाही. आधी एक-दोन फेऱ्या मारून जागा हेरतं, उंची कमी करत येतं. पहिल्या फेरीला फोटोंची बरसात करू नका, मेमरी भरते आणि खऱ्या क्षणाला कॅमेरा अडकतो. ते कुठल्या बाजूने उतरतं ते बघा. पाण्याला टेकण्यासाठी त्याला लांब मोकळा पट्टा लागतो आणि ते बहुधा वाऱ्याकडे तोंड करून येतं. तुम्ही त्या पट्ट्याच्या तोंडाशी उभे राहिलात तर ते पाणी न पिताच परत जाईल. कडक उन्हाच्या दिवसांत ते पाणी त्याच्या जिवाचं असतं. पट्ट्यापासून बाजूला, झाडाच्या आडोशाला, शांत.

देवळाची तळी असेल तर देवस्थानाच्या लोकांना आधी सांगा. आरती, पालखी, जत्रा असेल त्या दिवशी जागा सोडून द्या. तळीच्या पायऱ्यांवर चपला आणि ट्रायपॉड नेण्याविषयी प्रत्येक देवळाचा रिवाज वेगळा, तो विचारून घ्या.

तिसरा टप्पा: केळफूल आणि फ्लॅश

इथून खरा अंधार सुरू होतो, आणि इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. अंधारात हालचाल थांबवतो तो शटर नव्हे, फ्लॅश. साधा हिशेब करा. लहान वटवाघूळ सेकंदाला पाच मीटर वेगाने उडतंय असं धरू. १/२५० सेकंदात ते दोन सेंटिमीटर सरकतं, म्हणजे चेहरा पूर्ण पुसला जातो. १/१०,००० सेकंदात ते फक्त अर्धा मिलिमीटर सरकतं. एवढा छोटा क्षण फ्लॅश देऊ शकतो, पण पूर्ण ताकदीवर नाही. कॅमेऱ्यावर बसणारा नेहमीचा फ्लॅश ताकद कमी करताना उजेडाचा काळ कमी करतो. १/१६ ताकदीवर तो काळ साधारण १/१०,००० सेकंदाच्या आसपास येतो, १/३२ वर त्याहून कमी. पूर्ण ताकदीवर तोच फ्लॅश इतका रेंगाळतो की पंख पुसट होतात.

म्हणून नियम असा: फ्लॅश मॅन्युअल मोडवर, ताकद १/१६ किंवा १/३२. हाय स्पीड सिंक बंद. त्यात फ्लॅश एकदम न उडता शटर उघडा असेपर्यंत तुटक-तुटक उजेड देत राहतो, ताकद खर्च होते आणि पंख गोठत नाही. शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडवर (फ्लॅशशी जुळणारा सगळ्यात वेगवान शटर), बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०.

ताकद कमी केली की उजेड कमी पडतो. तो भरून काढायला फ्लॅश जवळ आणा आणि दोन-तीन लावा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट मिळतो, म्हणून केळफुलापासून दीड-दोन मीटरवर फ्लॅश ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, दिलेला असतो. समजा तो आयएसओ १०० ला ४० आहे. १/१६ ताकदीवर तो चौथा हिस्सा, म्हणजे १० होतो. आयएसओ ४०० केलं की दुप्पट, २०. त्याला एफ/११ ने भागा: १.८ मीटर. एवढ्या अंतरावर एका फ्लॅशने उजेड बरोबर पडेल. हा हिशेब दुपारी घरी करून ठेवा, अंधारात डासांशी झुंजताना डोकं चालत नाही.

नव्या माणसाने जुने, मॅन्युअल चालणारे दोन फ्लॅश आणि ते बिनतारी उडवणारा साधा रेडिओ ट्रिगर घ्यावा. महाग ऑटोमॅटिक फ्लॅशचं इथे काही काम नाही. एक फ्लॅश समोरून, कॅमेऱ्याच्या डावीकडे थोडा वर. दुसरा मागून, केळीच्या पलीकडून कॅमेऱ्याच्या दिशेने, पण लेन्समध्ये थेट दिसणार नाही असा पानाच्या आड. हा मागचा फ्लॅश विसरू नका. फक्त समोरून उजेड दिला तर वटवाघूळ काळ्या पडद्यावर चिकटवल्यासारखं दिसतं. मागून दिला की पंखाचा पातळ पडदा उजळतो, शिरा दिसतात, केसांना कड मिळते. तिसरा फ्लॅश मिळाला तर तो मागच्या पानांवर टाका, म्हणजे ते कुळागर आहे हे कळेल.

आता केळफूल. लोंबत्या केळफुलाच्या जांभळ्या पाकळ्या एकामागून एक उचलल्या जातात आणि त्याखालची फुलांची फणी उघडी पडते. नव्या फणीत रात्री मध भरपूर असतो आणि आखूड नाकाची वटवाघळं तो चाटायला येतात. म्हणून दुपारी जाऊन पाहा: आज कुठली पाकळी सुटायच्या बेतात आहे? तेच केळफूल निवडा. वटवाघूळ आधी जवळून फिरून जातं, मग एकदम येऊन फुलाला लटकतं, काही क्षण चाटतं आणि सुटतं. उडता फोटो हवा तर ते यायच्या किंवा सुटायच्या क्षणी.

फोकस आधीच ठरवून ठेवायचा. उजेड असताना केळफुलाच्या ज्या बाजूने वटवाघूळ येईल तिकडे, फुलापासून वीतभर दूर, एक काठी धरा. तिच्या टोकावर फोकस लावा, ऑटोफोकस बंद करा, लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी मारा. काठी काढून टाका. ॲपर्चर लहान ठेवायचं कारण आकड्यात बघा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १०० मिमी लेन्स, तीन मीटर अंतर: एफ/२.८ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दहा सेंटिमीटर, एफ/११ ला चाळीस. वटवाघूळ त्या चाळिसात येईल, दहात क्वचितच.

कॅमेरा ट्रायपॉडवर, रिमोट हातात, तुम्ही चार-पाच मीटर मागे. बघायला लाल उजेडाची विजेरी, तीही मंद. सावली फुलाजवळ आली की दाबा. बहुतेक फोटोंत नुसतं केळफूल येईल, काहींत पंखाचं टोक. हे चालायचंच. येण्याची लय कळली की हात आपोआप आधी चालतो.

फ्लॅशने त्रास होतोय का यावर लक्ष ठेवा. वटवाघूळ फुलाभोवती फिरतंय पण बसत नाहीये, किंवा आधी येत होतं आणि आता येईनासं झालं, तर फ्लॅश बंद करून अर्धा तास नुसते बसा. तरी आलं नाही तर सामान आवरा. ते मध प्यायला आलंय, रात्रभराच्या उडण्याची शिदोरी त्याला तिथे मिळते. आमिष म्हणून फळं कापून टांगणं मला पटत नाही. फुलं आणि पिकलेली फळं कुळागरात आहेतच, आणि त्यांवरचा फोटो वटवाघूळ खरोखर काय करतं ते सांगतो.

चौथा टप्पा: किडे खाणारी लहान वटवाघळं आणि अदृश्य किरण

यांच्यापुढे माणसाचं बोट हरतं. सावली दिसून बटण दाबेपर्यंत ते मीटरभर पुढे गेलेलं असतं. म्हणून ट्रिगर लागतो: एका बाजूला इन्फ्रारेड किरण सोडणारा भाग, दुसऱ्या बाजूला तो पकडणारा, आणि मधून वटवाघूळ गेलं की फ्लॅश उडतो. तयार मिळतो, इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर घरीही जमतो. माणसाची चाहूल घेऊन दिवा लावणारा सेन्सर वापरू नका, तो यासाठी फार संथ आहे. दोन किरण एकमेकांना छेदतील असे लावले तर त्यांच्या छेदापाशी वटवाघूळ आलं तरच फोटो निघतो, म्हणजे फोकसही तिथेच लावून ठेवता येतो.

तरी एक उशीर राहतो, कॅमेऱ्याचा. इशारा मिळाल्यापासून शटर उघडेपर्यंत अनेक कॅमेऱ्यांना सेकंदाचा विसावा भाग लागतो, काहींना त्याहून जास्त. तेवढ्यात वटवाघूळ वीत-दोन वीत पुढे. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. पूर्ण अंधार असेल तिथे शटर बल्ब मोडवर पंधरा-वीस सेकंद उघडाच ठेवायचा आणि ट्रिगरने कॅमेऱ्याऐवजी फ्लॅश उडवायचा. फ्लॅशला उशीर जवळजवळ नसतोच. एफ/११ आणि आयएसओ ४०० ला चांदण्याची छाप पडत नाही, पण जवळ पथदीप किंवा घराचा दिवा असेल तर ही युक्ती चालणार नाही.

किरण कुठे लावायचा? पोफळींच्या दोन रांगांमधली पायवाट, पाटावरची मोकळी जागा, किंवा लहान वटवाघळं पाणी प्यायला उतरतात ती तळ्याची कड. त्यांच्या राहत्या भेगेच्या किंवा वाशाच्या तोंडाशी कधीच नाही. पानं, पतंग आणि दंव यांनीही फ्लॅश उडतो, त्यामुळे फुकट फोटो धरूनच चाला.

प्रतिध्वनीचे आवाज बहुतेक माणसाच्या कानापलीकडचे, २० किलोहर्ट्झच्या वरचे. मोबाइलला जोडता येणारा अल्ट्रासॉनिक माइक ते ऐकण्याजोगे करून देतो. वटवाघूळ किड्याजवळ पोचलं की टकटक एकदम वाढून सलग घरघर होते. ती कुठे जास्त ऐकू येते ते पाहिलं की किरणाची जागा ठरते.

कायदा, आजार आणि पायाखालचं

मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई ही अभयारण्यं आहेत. तिथे छायाचित्रणासाठी वन खात्याची परवानगी लागते आणि अंधार पडल्यावर आपल्या मनाने थांबता येत नाही. नवशिक्याला गावातलं कुळागर आणि तळीच बरी. फलाहारी वटवाघळं कायद्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. ही गोष्ट बागायतदारांना समजावून सांगा.

वटवाघळाला उघड्या हाताने कधीच शिवू नका, पडलेल्या पिल्लालाही नाही. फळझाडावरच्या जाळीत अडकलेलं दिसलं तर वन खात्याला कळवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. जखम दिसत नाही एवढी लहान असली तरीही. केरळात २०१८ साली निपाहची साथ आली होती, आणि त्या विषाणूचा नैसर्गिक वाहक मोठं वटवाघूळ आहे. घाबरून त्यांना हाकलणं हा उपाय नाही. डोक्यावर टोपी, खाली पडलेलं उष्टं फळ न खाणं, सामान आणि हात धुणं, एवढं पाळायचं. उष्टे बोंडूही उचलू नका.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि जोर जानेवारी ते मे असतो, म्हणजे नेमक्या आपल्या हंगामात. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यात, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे. कुळागरात रात्री घोणस आणि फुरसं असू शकतं. गमबूट घाला, विजेरी पायाकडे, आणि एकटे जाऊ नका.

फोटो काढून झाल्यावर

घरी आल्यावर त्याच रात्री वहीत लिहा: सूर्यास्तानंतर किती मिनिटं, कुठलं फूल, चंद्र होता का, वारा कुठला. पुढच्या वर्षी ही वहीच सांगेल की कुठे आणि कधी बसायचं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत तर ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा, आणि समाजमाध्यमांवर झाडाचं, गुहेचं, तळीचं नाव देऊ नका. लहान वटवाघळांची नेमकी जात नुसत्या फोटोवरून बऱ्याचदा ठरत नाही. “लहान, किडे खाणारं” एवढंच लिहिलं तरी नोंद खरी राहते.

गोव्याची दमट हवा सामानाची शत्रू. वातानुकूलित गाडीतून थेट बाहेर काढलं की लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बाहेर आल्यावर अर्धा तास बॅग बंदच ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की फ्लॅशमधले सेल काढून टाका, नाहीतर त्यांचा गंज आतल्या पट्ट्यांना लागतो. लेन्स आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते ऊन किंवा तवा दाखवून वाळवा. ऑक्टोबरात केळीखालचा चिखल सुकला की पुन्हा वही घेऊन निघा.